दुकानातील उजेड आणि कापडाचा खरा रंग
एलईडी दिव्यांनी विजेचे बिल कमी केले, पण दिवा घेताना फक्त वॉट पाहून चालणार नाही

कापडाचा धंदा हा अर्धा रंगाचा धंदा आहे. गिऱ्हाईक आधी रंग पाहते, मग पोत आणि शेवटी भाव विचारते. पूर्वी आमच्या वाशिम, कारंजा, मंगरूळपीर, रिसोडच्या पेठांत दुकानाच्या ओट्यावर कापड उलगडले जाई. "जरा उजेडात दाखवा" असे गिऱ्हाईकाने म्हटले की ताका उचलून दारापर्यंत न्यायचा, ही रीत होती. आता दुकाने आत खोल गेली, पुढे काच आली, वर फॉल्स सीलिंग आले आणि दिवसाही दिव्याच्या उजेडात माल विकला जाऊ लागला. रमजानच्या महिन्यात तर तरावीहच्या नमाजनंतरच खरी गर्दी होते. ईदचा बराचसा कपडा रात्री विकला जातो आणि त्या वेळी दारात नेऊन दाखवायला ऊन नसते.

याचा परिणाम प्रत्येक कापड व्यापाऱ्याच्या ओळखीचा आहे. रात्री पसंत केलेला जोडा सकाळी घरच्या अंगणात उघडला की सलवार आणि दुपट्टा वेगळे दिसतात. काळा म्हणून नेलेला कपडा गडद निळा निघतो. डाळिंबी म्हणून घेतलेली साडी कथ्थी वाटू लागते. कापड परत येते, बोलाचाली होते आणि गिऱ्हाईक "फसवले" असे म्हणून जाते. व्यापाऱ्याने फसवलेले नसते. कापडही तेच असते. फरक उजेडाचा असतो. म्हणून दिव्याचा विषय नुसता वायरमनचा नाही, तो आपल्या धंद्याच्या सचोटीचाही आहे. या लेखात आम्ही त्याची सोप्या भाषेत माहिती देत आहोत.

एलईडी वीज कशी वाचवतो?

जुन्या काचेच्या बल्बमध्ये एक तार तापून लाल-पिवळी होते आणि तिच्यापासून उजेड पडतो. म्हणजे तो बल्ब मुळात एक छोटी शेगडीच असतो. शंभर भाग वीज घेतली तर पाच-सात भागांचाच उजेड होतो, बाकीची उष्णता होऊन जाते. ट्यूबलाईटमध्ये नळीत पाऱ्याची वाफ असते. तिच्यातून निघणारे अतिनील किरण नळीच्या आतल्या पांढऱ्या लेपावर पडतात आणि लेप उजेड देतो. ही पद्धत बल्बपेक्षा पुष्कळ काटकसरीची आहे, पण तिच्यासोबत चोकही वीज खातो.

एलईडीत तारही नाही आणि वायूही नाही. मोहरीच्या दाण्याएवढ्या चिपमधून वीज गेली की ती सरळ उजेड देते. लाल एलईडी १९६२ पासून माहीत होता, पण निळा तयार होत नव्हता आणि निळ्याशिवाय पांढरा उजेड करता येत नव्हता. जपानमधील इसामू आकासाकी, हिरोशी अमानो आणि मूळचे जपानी शुजी नाकामुरा यांनी हे अवघड काम केले. त्यासाठी त्यांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्या दुकानातल्या बहुतेक एलईडी दिव्यांत आजही निळीच चिप असते. तिच्यावर पिवळा लेप असतो. चिपचा निळा आणि लेपाचा पिवळा मिळून डोळ्याला पांढरा दिसतो. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी, कारण रंगाचा सगळा घोळ इथूनच सुरू होतो.

उजेड मोजण्याचे माप लुमेन आहे. वॉट हे उजेडाचे नव्हे, तर विजेच्या खर्चाचे माप आहे. ६० वॉटचा जुना बल्ब सुमारे ७०० लुमेन देई. तेवढा उजेड एलईडी ७ ते ९ वॉटमध्ये देतो. चोकसह ५० वॉट खाणाऱ्या ट्यूबच्या जागी साधारण २० वॉटची एलईडी नळी पुरते. छतातले ५० वॉटचे हॅलोजन फोकस काढून ७ वॉटचे एलईडी फोकस लावले तर विजेशिवाय उकाडाही कमी होतो. वैशाखात आमच्या जिल्ह्यात पारा ४२-४४ पर्यंत जातो, तेव्हा डोक्यावर दहा शेगड्या कमी झाल्याचा फरक गल्ल्यावर बसणाऱ्याला लगेच कळतो.

हिशेब मांडून पाहू. एका दुकानात चोकसह ५० वॉटच्या १० ट्यूब रोज १० तास जळतात. रोजचे ५ युनिट झाले. वर्षाचे ३०० दिवस धरले तर १,५०० युनिट. त्याच जागी २० वॉटच्या १० एलईडी नळ्या लावल्या तर रोज २ युनिट, म्हणजे वर्षाला ६०० युनिट. बचत ९०० युनिट. प्रत्येकाने आपला दर महावितरणच्या बिलावर पाहून घ्यावा. हिशेबापुरते १२ रुपये युनिट धरले तर वर्षाला १०,८०० रुपये वाचतात. लहान दुकानदाराला ही रक्कम थोडी नाही.

स्वस्ताई आली, तिच्यासोबत हलका मालही आला

एलईडी बल्ब सुरुवातीला महाग होता. ५ जानेवारी २०१५ पासून केंद्र सरकारची योजना देशभर सुरू झाली, तिला पुढे उजाला हे नाव मिळाले. ईईएसएल या सरकारी कंपनीने एकगठ्ठा खरेदी केली. २०१४ च्या सुरुवातीला जो बल्ब त्यांना ३१० रुपयांना पडत होता, तो २०१६ मध्ये ३८ रुपयांपर्यंत उतरला. या योजनेत देशात ३६ कोटींहून जास्त बल्ब वाटले गेले. वीजबिल दाखवून घेतलेला ९ वॉटचा बल्ब घरोघर पोहोचला. ही मोठी गोष्ट झाली यात शंका नाही.

पण भाव उतरला की बाजारात हलका माल शिरतो, हे कापडवाल्यांना शिकवायला नको. आठवडी बाजारात कसलेही नाव नसलेले, बिल नसलेले दिवे ढिगाने विकले जातात. खोक्यावर १२ वॉट लिहिलेले असते आणि आत ७ वॉटचा ऐवज असतो. चांगल्या मालाची ओळख दोन खुणांनी पटते. पहिली, भारतीय मानक ब्युरोची खूण आणि तिच्यासोबत 'आर-' ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक. बल्बसाठी मानकाचा क्रमांक आयएस १६१०२ आहे. दुसरी, ऊर्जा दक्षता ब्युरोचे तारांकित लेबल. एलईडी बल्बसाठी ते २०१८ पासून सक्तीचे आहे. एका वॉटमागे किती लुमेन मिळतात हे त्या लेबलावरून कळते. तारे जास्त तर बचत जास्त.

मात्र हे तारे फक्त विजेबद्दल बोलतात. रंगाबद्दल ते काही सांगत नाहीत. पाच ताऱ्यांचा दिवा कापडाच्या दुकानासाठी चांगलाच असेल असे समजू नये.

पिवळा, पांढरा, निळसर

खोक्यावर 'वॉर्म', 'नॅचरल', 'कूल डे' असे लिहितात आणि सोबत २७००, ४०००, ६५०० असा केल्व्हिनचा आकडा असतो. आकडा लहान तर उजेड पिवळा, मोठा तर निळसर पांढरा. २७०० ते ३००० म्हणजे जुन्या बल्बसारखा पिवळा. ४००० म्हणजे मधला, साधा पांढरा. ६५०० म्हणजे ढगाळ दुपारीसारखा थंड पांढरा. आमच्या भागात ६५०० चा उजेड "झगझगीत" वाटतो म्हणून सगळीकडे तोच लावतात.

प्रत्येक उजेडाचा स्वभाव वेगळा असतो. पिवळ्या उजेडात सोनेरी जर, लाल, केशरी, बदामी हे रंग खुलतात. निळा, जांभळा, मोरपंखी मंद होतात आणि गडद निळा काळ्यात मिसळतो. थंड पांढऱ्या उजेडात चंदेरी जर, फिरोजी, निळा खुलतात. पण राणी, गाजरी, डाळिंबी यांची ऊब जाते. केल्व्हिनवरून उजेडाची छटा कळते. कापडाचा रंग खरा दिसेल की नाही, हे त्यावरून कळत नाही.

रंग दाखवण्याचे माप

खऱ्या रंगासाठी दुसरे माप आहे. त्याला सीआरआय म्हणतात, काही कंपन्या 'आरए' असे छापतात. हे १०० पैकी गुण आहेत. जुन्या बल्बला जवळपास १०० गुण मिळतात. जुन्या साध्या ट्यूबला ५० ते ६० च्या आसपास मिळत. चांगल्या ट्यूबला आणि सध्याच्या नेहमीच्या एलईडीला ८० च्या आसपास मिळतात. ९० च्या पुढचा एलईडी कापड, सोने आणि रंगाच्या धंद्यासाठी योग्य मानला जातो.

एलईडीचे गुण कमी का होतात? आपण वर पाहिले की तो निळी चिप आणि पिवळा लेप यांचा मेळ आहे. उन्हात सगळे रंग भरलेले असतात, तर या मेळात गडद लाल फार थोडा असतो. जो रंग उजेडात नाही तो कापडावरून परत येणार कुठून? म्हणून लाल जोडा हलक्या एलईडीखाली विटकरी दिसतो. यात आणखी एक मेख आहे. सीआरआयचे गुण आठ फिक्या रंगांवरून काढतात, त्यांत गडद लाल नाही. त्याचे गुण 'आर ९' या नावाने वेगळे मोजतात. ८० गुणांच्या एलईडीचा आर ९ शून्याच्या आसपासही असू शकतो. ज्यांच्याकडे लग्नाचा बस्ता निघतो त्यांनी ९० गुणांचा दिवा घेताना आर ९ किती आहे हेही विचारावे. तो ५० च्या वर असला तर बरे.

दोन कापडांची जोडी का फुटते?

ही बाब मॅचिंगवाल्यांनी आणि टेलर मास्टरांनी खास लक्षात घ्यावी. सुती सलवार एका गिरणीतून येते, पॉलिस्टरचा दुपट्टा सुरतेहून येतो. सुताला लागणारा रंग वेगळा आणि पॉलिस्टरला लागणारा रंग वेगळा. दोन्ही रंगाऱ्यांनी वेगवेगळे रंग मिसळून एकच 'रामा' छटा आणलेली असते. एका दिव्याखाली ते दोन्ही तंतोतंत जुळतात आणि दुसऱ्या उजेडात फुटतात, कारण दोघांची घडण आतून वेगळी आहे. तसेच ब्लाऊजपीस, अस्तर, फॉल आणि रिळाचा दोरा यांचे होते. मोबाईलची टॉर्च लावून पाहणे हा यावर इलाज नाही, कारण ती टॉर्चही एलईडीच आहे.

मोठ्या गिरण्या आणि निर्यातदार यासाठी एक पेटी ठेवतात. तिच्यात दिवसाच्या उजेडासारखा, दुकानातल्या ट्यूबसारखा आणि घरच्या पिवळ्या बल्बसारखा असे वेगवेगळे दिवे असतात. कापड आळीपाळीने प्रत्येकाखाली पाहतात आणि सगळीकडे जुळले तरच माल पास करतात. आपल्याला ती पेटी नको. दुकानाच्या एका कोपऱ्यात पांढरी भिंत, पांढरे फळकूट, वर ९० हून जास्त गुणांचा थंड पांढरा दिवा आणि बाजूला दुसऱ्या बटणावर ३००० चा पिवळा दिवा लावावा. भिंत गुलाबी किंवा हिरवी असू नये, तिचा रंग कापडावर पडतो. गिऱ्हाईकाला दोन्ही बटणे दाबून दाखवावीत. काही शे रुपयांत हे काम होते आणि परतीची निम्मी भांडणे मिटतात.

पांढऱ्या कापडाची गोष्ट निराळी आहे. आजकाल पांढऱ्या कापडावर आणि साबणातही एक द्रव्य असते, ते उन्हातले अतिनील किरण घेऊन निळसर चमक देते. नेहमीच्या एलईडीत अतिनील किरण जवळपास नसतातच. म्हणून ईदच्या कुर्त्याचे शुभ्र कापड दिव्याखाली मळकट किंवा क्रीम वाटते आणि ईदगाहवर चमकते. उलट दोन पांढरी थाने रात्री सारखी दिसतात आणि उन्हात एक निळसर, एक पिवळट निघते. याला दिव्याचा उपाय नाही. पांढरा जुळवायचा तर दिवसाच जुळवावा आणि रात्रीच्या गिऱ्हाईकाला ही गोष्ट सांगून द्यावी.

कारागिरांच्या डोळ्यांचा प्रश्न

शिवणकाम, रफू, आरी आणि जरदोजीचे काम करणाऱ्यांची रोजी डोळ्यांवर आहे. कामाच्या जागेवर पडणारा उजेड लक्स या मापाने मोजतात. एका चौरस मीटरवर एक लुमेन पडला की एक लक्स. युरोपच्या मानकात शिवणकामाला ७५० लक्स आणि कापडाचे रंग तपासायला १००० लक्स सांगितले आहेत. आपल्याकडे एका ट्यूबखाली तीन मशिनी चालतात, तिथे याच्या आसपासही उजेड नसतो. वय वाढले की डोळ्यात शिरणारा उजेड घटतो. साठीच्या माणसाच्या पडद्यावर विशीतल्या माणसाच्या सुमारे एक तृतीयांशच उजेड पोहोचतो. म्हाताऱ्या मास्टरला चष्म्याच्या नंबराइतकीच चांगल्या दिव्याची गरज आहे.

यासाठी सगळी खोली उजळायला नको. बल्ब निम्म्या अंतरावर आणला तर कामावरचा उजेड सुमारे चौपट होतो. सुईच्या डाव्या बाजूने, डोळ्यावर चकाकी येणार नाही असा ५ ते ७ वॉटचा दिवा वाकत्या दांड्यावर लावावा. महिन्याचा खर्च किरकोळ येतो.

दुसरी गोष्ट लुकलुकण्याची. आपली वीज सेकंदाला ५० फेरे घेते. हलक्या दिव्यातील ड्रायव्हर चांगला नसेल तर दिवा सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतो. डोळ्याला ते दिसत नाही, पण डोके दुखते आणि डोळे थकतात. याहून मोठा धोका फिरत्या यंत्राचा आहे. अशा उजेडात वेगाने फिरणारे चाक थांबल्यासारखे किंवा उलटे फिरल्यासारखे दिसू शकते आणि हात जातो. मशीन, पिठाची गिरणी, सुतारकामाची आरी चालवणाऱ्यांनी हे विसरू नये. परीक्षा सोपी आहे. मोबाईलचा कॅमेरा दिव्याजवळ धरावा. पडद्यावर काळे पट्टे सरकताना ठळक दिसले तर तो दिवा कामाच्या जागी लावू नये.

आयुष्य आणि जोडणी

खोक्यावर १५,००० किंवा २५,००० तास लिहितात. दिवा तोपर्यंत पहिल्या दिवसासारखाच राहील असा याचा अर्थ नाही. उजेड ७० टक्क्यांवर आला की एलईडीचे आयुष्य संपले असे धरतात. चिप टिकते, पण ड्रायव्हर उष्णतेने जातो. टिनाच्या छताला चिकटवलेला किंवा बंद काचेच्या गोळ्यात कोंडलेला दिवा लवकर मरतो. मागे हवा खेळती ठेवावी. जुन्या पट्टीत एलईडी नळी बसवताना चोक-स्टार्टरचे काय करायचे ते खोक्यावर पाहून वायरमनकडूनच करून घ्यावे. काढलेल्या ट्यूब फोडू नयेत, त्यांत पारा असतो. पाऱ्यासाठीच्या मिनामाता करारातील देशांनी २०२३ मध्ये जिनिव्हाच्या बैठकीत ठरवले की ट्यूबलाईटचे उत्पादन आणि आयात-निर्यात २०२७ अखेर थांबवायची. भारत या करारात आहे. म्हणजे आज ना उद्या सर्वांना बदल करावाच लागणार आहे, तर तो समजून करावा.

खर्चाचा हिशेब परत पाहू. ९० गुणांचे दिवे त्याच विजेत थोडा कमी उजेड देतात आणि महागही असतात. समजा २० ऐवजी २४ वॉटची नळी लागली आणि एका नळीमागे २०० रुपये जास्त गेले. तरी १० नळ्यांचे वर्षाला ७२० युनिट होतात. बचत ७८० युनिट, म्हणजे त्याच दराने ९,३६० रुपये. वरचे २,००० रुपये तीन महिन्यांत निघतात. सगळ्या दुकानात असे दिवे लावणे जमत नसेल तर काउंटरवर आणि तपासणीच्या कोपऱ्यात लावावे. गोदामात, जिन्यात, बाहेर साधे ८० गुणांचे चालतात.

उजेडातली सचोटी

उजेडाचा वापर ऐब झाकण्यासाठीही होतो. मटणाच्या दुकानात गुलाबी-लाल दिवा लावला की शिळे मांस ताजे दिसते. फळाच्या गाडीवर लाल छत्री धरली की कच्चे फळ पिकल्यासारखे वाटते. कापडाच्या दुकानातही जुना, उडालेला ताका पिवळ्या फोकसखाली ठेवला की खपतो. पैगंबर मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या राशीत हात घातला, आतला ओलावा पाहिला आणि तो वर का ठेवला नाही असे विक्रेत्याला विचारले, हा प्रसंग आपण सर्वांनी लहानपणी ऐकला आहे. ओले धान्य खाली आणि कोरडे वर ठेवणे, आणि उडालेल्या रंगावर खोटा उजेड पाडणे, यात आम्हाला तरी फरक दिसत नाही. न पाहिलेला किंवा ऐब असलेला माल परत करण्याचा ग्राहकाचा हक्क फिकहच्या किताबांत तपशिलाने आलेला आहे. दिव्याखाली पाहिलेला रंग 'पाहिला' धरावा की नाही, हा मसला उलेमांनी सांगावा. व्यापाऱ्याने आपल्या बाजूने एवढे करावे की रात्री विकलेले, न कापलेले कापड दुसऱ्या दिवशी उजेडात पाहून बदलून देण्याची मुभा ठेवावी आणि तसे बिलावर लिहावे.

काटकसरीबद्दलही तेच. इस्राफ आपल्या दीनमध्ये नापसंत आहे. दिवा स्वस्त पडतो म्हणून दुपटीने दिवे लावले तर वाचलेली वीज पुन्हा तिथेच जाते. मशिदीच्या कमिट्या, मदरसे आणि शादीखाने यांनीही जुने हॅलोजन आणि चोकच्या ट्यूब बदलताना वर सांगितलेल्या खुणा पाहाव्यात. मुलांच्या अभ्यासाच्या खोलीत न लुकलुकणारे दिवे लावावेत.

खरेदीला जाताना वाचकांनी पाच गोष्टी विचाराव्यात: लुमेन किती, केल्व्हिन किती, सीआरआय आणि आर ९ किती, मानक ब्युरोचा 'आर-' क्रमांक आहे का, आणि पक्के बिल व हमी मिळेल का. दिवा लावून कॅमेऱ्याने लुकलुक पाहावी. सोबत आपल्या दुकानातला एक लाल, एक गडद निळा आणि एक कथ्थी असे तीन तुकडे न्यावेत. ते दिव्याखाली पाहावेत, मग दुकानाबाहेर उन्हात पाहावेत. दोन्हीकडे सारखे दिसले तर दिवा घ्यावा.